त्याने वकील मागितला होता

कंपनीत रुजू झाले तेव्हा अठ्ठ्याण्णव साल होतं. त्याआधी रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली मी चार वर्षं काढली होती. काळा कोट, पांढरे बँड, तारखा, मुदतीचे अर्ज. मग शहराबाहेर सड्यावर, जांभ्याच्या कातळावर उभ्या राहिलेल्या त्या मोठ्या कारखान्यात विधी अधिकाऱ्याची जागा निघाली आणि ती मला मिळाली. कोट कपाटात गेला. पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही, म्हणून बार कौन्सिलकडे सनद स्थगित करून घ्यावी लागली. पदवी कायद्याची, रोजचं काम कायद्याचं, पण कोर्टात उभं राहून बोलायचा अधिकार नाही. कंपनीतर्फे बाहेरचे वकील उभे राहायचे आणि मी मागच्या खुर्चीवरून त्यांना कागद पुढे करायचे.

माझे साहेब मुंबईच्या मुख्य कार्यालयात. वर्षातून एकदोनदा भेट, बाकी सगळं फोनवर. ते कधी आवाज चढवत नसत. जितके नाराज, तितका त्यांचा आवाज खाली जाई. त्यामुळे रिसीव्हर कानाशी घट्ट दाबून ऐकावं लागे, आणि ऐकता ऐकता माझे हात गार पडत. प्रशासकीय इमारतीच्या पहिल्या मजल्यावर बायकांमध्ये मी एकटीच अधिकारी होते. नोकरी जाईल ही धास्ती सगळ्यांनाच असते, पण माझी नोकरी गेली तर ‘बाई होती म्हणून जमलं नाही’ असं म्हटलं जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी ती चौकशी आली. दुसऱ्या पाळीत एका कामगाराने सुपरवायझरच्या कपाळावर हेल्मेट मारलं, असा आरोप होता. सुपरवायझरला टाके पडले होते. कामगार संगमेश्वरकडचा, आतल्या गावातला, शेतकरी घरातला. अंगाने थोराड, हातांचे पंजे एवढे मोठे की हजेरीवर सही करताना पेन दिसतच नसे. ‘मी हेल्मेट जमिनीवर आपटलं, ते उडून लागलं,’ एवढंच तो सांगत होता.

अशा वेळी कंपनी आपल्यापुरतं एक छोटं न्यायालयच भरवते. बाहेरचा एक चौकशी अधिकारी नेमतात, कंपनीची बाजू एक अधिकारी मांडतो, आणि कामगाराला मदतीला एखादा सहकारी घेता येतो. कंपनीची बाजू मांडायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच बैठकीत तो उभा राहून म्हणाला, “ह्या मॅडम वकील हायत. माला पन वकील द्या.”

चौकशी अधिकारी म्हणाले, “नियमात नाही. सहकारी आण.” आणि पुढचा प्रश्न घेतला.

दुपारी मी मुंबईला फोन केला. म्हटलं, “सर, तो वकील मागतोय. मी कायद्याची पदवीधर. उद्या कोर्टात ही हरकत निघू शकते.”

“तुम्ही अधिकारी आहात, वकील नाही,” साहेब अगदी हळू म्हणाले. “चालू द्या.”

मी चालू दिलं. त्याने एक सहकारी आणला, पण तो बिचारा स्वतःच इतका भेदरलेला की शेवटपर्यंत टेबलाकडे बघत बसला. माझ्या प्रश्नांपुढे तो थोराड माणूस अडखळत गेला. आधी म्हणाला, हेल्मेट डाव्या हातात होतं, मग म्हणाला उजव्या. सुपरवायझर किती अंतरावर होता ते त्याला धड सांगता येईना. आरोप सिद्ध धरला गेला. त्याला कामावरून काढलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो आमच्या घरासमोर बसायला लागला.

आम्ही माळनाक्याच्या बाजूला एका भाड्याच्या घरात राहत होतो. मी, सासूबाई आणि माझी चार वर्षांची मुलगी. नवरा नोकरीला मुंबईत, नुकत्याच सुरू झालेल्या कोकण रेल्वेने महिन्यातून एकदोनदा यायचा. घरासमोर अरुंद रस्ता आणि पलीकडे चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा, त्यावर फणसाची सावली. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून मी वळणावर आले की तो त्या गडग्यावर बसलेला दिसायचा. हात मांडीवर. नजर आमच्या फाटकाकडे. मी जवळ आले की तो उठून उभा राहायचा. बोलायचा नाही. मी आत जाऊन दार लावलं की खिडकीच्या फटीतून बघायचे, तर परत बसलेला. दिवेलागणीला कधीतरी निघून जायचा.

सासूबाईंनी विचारलं, “अगं, तो समोर बसतो तो कोण? ओळखीचा का तुझ्या?”

“कंपनीतला होता,” मी म्हटलं.

“होता म्हणजे?”

मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मागच्या पडवीतली कोयती पुढच्या दाराआड आणून ठेवलेली दिसली. मी ती पाहिली हे त्यांनी पाहिलं, आणि आम्ही दोघी दुसऱ्याच कशाबद्दल बोललो.

मी एक थांबा आधी उतरायला लागले. तिथून शेजाऱ्यांच्या बागेतून, नारळीच्या आळ्यांमधून, साडी सावरत मागच्या दाराने घरात यायचे. अंगणात कपडे वाळत घालणं बंद केलं. मुलीला बालवाडीत सोडायला-आणायला सासूबाई जायच्या, त्यांना बजावलं की तिचा हात सोडायचा नाही. कपाळावर टाके घातलेला सुपरवायझर कामावर परत आला होता. त्याच्या भुवईवरची लाल रेघ जिन्यात दिसली की मला त्या पंजांची आठवण व्हायची.

शनिवारी नवऱ्याचा फोन आला. “पोलिसात तक्रार दे.”

“कसली?”

“अगं, कसली म्हणजे? तो पाळत ठेवतोय तुझ्यावर.”

“तो सार्वजनिक रस्त्यावर गडग्यावर बसतो. बोलत नाही, शिवी देत नाही, फाटकाला हात लावत नाही. कुठलं कलम लावू?”

“मग साहेबांना सांग.”

तेही मी केलं नाही. साहेब म्हणाले असते, उद्यापासून सिक्युरिटीचा माणूस उभा करतो. मग कारखानाभर झालं असतं की चौकशी केली आणि आता घाबरली. आणि त्या माणसाला हुसकावलं तर तो दुसरीकडे कुठे बसेल, ही भीती त्याहून मोठी होती. गडग्यावर होता तोवर निदान दिसत तरी होता.

एक दिवस मी मागच्या दाराने आत आले तर मुलगी स्वयंपाकघरात पाटावर बसून पेरू खात होती.

“कुणी दिला गं?”

“समोरच्या काकांनी. ते म्हणाले, तुझी आई हल्ली कुठून येते?”

सासूबाई घाईघाईने म्हणाल्या, “मी फाटकाची कडी लावत होते तेवढ्यात पळाली गं ती. एक क्षणभर.”

मी तिच्या हातातला पेरू काढून घेतला. ती रडायला लागली. मी पेरू ओट्यावर ठेवला. मग काय वाटलं कोण जाणे, मी पुढचं दार उघडून तशीच बाहेर गेले. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा एक हात दाराआड होता.

तो उठून उभा राहिला. रस्त्याच्या मधोमध मी थांबले.

“माझ्या मुलीशी बोलायचं नाही,” मी म्हटलं. आवाज मला हवा होता तसा निघाला नाही.

“नाय बोलनार,” तो म्हणाला. “चुकलं.” मग म्हणाला, “मॅडम, घाबरू नका. मी काय करायला आलो नाय.”

“मग रोज कशाला बसता?”

तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, “माजी केस घ्याल काय, इचारायचं होतं. रोज इचारीन म्हनतो, तुमी दिसलात की तोंडातनं शब्द निघत नाय.”

मला कळेचना तो काय म्हणतोय. “माझ्याकडे? मीच तर तुमच्या विरुद्ध होते.”

“तेच तर. तुमी बोलत व्हतात तेवा माजं मलाच वाटाया लागलं का मीच मारलं असनार. असा वकील माज्या बाजूला हवा व्हता. दुसरा कोन वकील माज्या वळखीचा नाय.” वर बघून तो म्हणाला, “मी मागितला व्हता वकील. तुमी ऐकलंत ना?”

मी ऐकलं होतं. आणि त्या एका वाक्यात त्याची सगळी केस होती, हेही मला माहीत होतं. कंपनीने कायद्याची पदवीधर उभी करायची आणि समोरच्याला वकील नाकारायचा, हे कोर्टात टिकणं कठीण. पण मी कंपनीची होते. हो म्हणणं म्हणजे अशिलाशी बेइमानी, नाही म्हणणं म्हणजे खोटं.

“मला तुमच्याशी या केसबद्दल एक शब्दही बोलता येत नाही,” मी म्हटलं. “मी कंपनीची आहे. जिल्हा न्यायालयात मोफत कायदा मदतीचं कार्यालय आहे. ते वकील देतात. कामगाराला ते मिळतं, तिथे जा.”

“आनि तुमी?”

“मी नाही. आणि इथे परत बसू नका. माझ्या घरात म्हातारं माणूस आहे, लहान मूल आहे.”

त्याने मान हलवली. दारातल्या सासूबाईंना त्याने दोन्ही हात जोडले आणि वळणाकडे चालू लागला. तेवढ्यात कंपनीची गाडी रस्त्याने गेली. मागच्या सीटवर पर्सोनेल मॅनेजर होते. त्यांनी काच खाली करून माझ्याकडे पाहिलं, पाठमोऱ्या त्याच्याकडे पाहिलं, आणि काच वर केली.

तो परत बसला नाही. मी पुन्हा पुढच्या रस्त्याने यायला लागले. पण रिकाम्या गडग्याकडे बघून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं तसं वाटलं नाही. आता ती बंद झालेली काच डोळ्यांपुढे यायची.

काही महिन्यांनी कामगार न्यायालयातून त्याच्या तक्रारीची प्रत आली. वाचताना मी खुर्चीत ताठ झाले. पहिलाच मुद्दा तो होता. कंपनीची बाजू कायद्याच्या पदवीधराने मांडली, कामगाराने वकील मागितला, तो नाकारला, सबब चौकशी न्याय्य नाही. कुठल्याही बऱ्या वकिलाला सुचला असता असा मुद्दा. पण मुंबईचा फोन त्याच दुपारी आला.

“त्या माणसाला तुम्ही भेटला होतात?” साहेबांचा आवाज जेमतेम ऐकू येत होता.

“हो, सर. तो घरासमोर येऊन बसायचा. परत येऊ नका म्हणून सांगायला गेले होते.”

“आणखी काय सांगितलंत?”

“मोफत कायदा मदत मिळते, एवढंच. केसबद्दल काही नाही.”

फोन कट झाला की काय म्हणून मी दोनदा ‘सर’ म्हटलं.

“मला त्याच दिवशी कळवायला हवं होतं,” ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

त्या दिवसापासून कारखान्यातल्या माणसांची वागणूक बदलली की मलाच तसं वाटत होतं, हे आजही सांगता येणार नाही. मी खोलीत शिरले की पर्सोनेल मॅनेजर समोरची फाइल मिटायचे. कामगारांच्या प्रकरणांचे कागद माझ्या टेबलावर उशिरा यायला लागले. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, सोड नोकरी. माझी झोप उडाली होती. सासूबाई सकाळी माझा चेहरा बघायच्या आणि न बोलता चहात आलं जास्त घालायच्या.

केस उभी राहिली तेव्हा आणखी एक अडचण निघाली. साक्ष खरं तर चौकशी अधिकाऱ्याने द्यायची. पण त्यांना मधल्या काळात पक्षाघाताचा झटका आला होता, वाचा गेली होती. चौकशीच्या खोलीत कंपनीच्या बाजूचं दुसरं माणूस म्हणजे मी. ज्या केसमध्ये माझ्यावरच संशय, तिची साक्षीदार मीच.

आमचे बाहेरचे वकील वयस्क, सभ्य गृहस्थ होते. तारखेच्या आदल्या दिवशी त्यांनी मला ऑफिसात बोलावून घेतलं.

“चौकशीची नोंद मी नीट वाचली,” ते म्हणाले. “त्याने वकील मागितल्याचं त्यात कुठेही नाही.”

“त्याने तोंडी मागितला होता. चौकशी अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं नाही.”

ते चष्मा पुसत राहिले. “मी तुम्हाला काही शिकवत नाही. पण ‘नोंदीत आहे तसं घडलं, त्यापलीकडे आठवत नाही’ असं उत्तर पुष्कळ साक्षीदार देतात. इतकी चौकशी प्रकरणं तुमच्यासमोरून जातात. न आठवणं साहजिक आहे.”

“मुंबईहून असं सांगितलंय का?”

“मुंबईहून एवढंच सांगितलंय की कागदावर नाही ते झालेलं नाही.”

कोर्टात मी कितीतरी वेळा गेले होते, पण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कधी नाही. आत उभं राहिल्यावर कठड्याचं लाकूड छातीपर्यंत येतं आणि हात कुठे ठेवायचे कळत नाही. मी इतरांना हज्जारदा सांगितलं असेल, विचारलं तेवढंच बोला, न्यायाधीशांकडे बघून बोला. त्यातलं काहीही आठवेना. समोर बाकावर तो बसला होता, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, हात मांडीवर, गडग्यावर बसायचा तसाच. त्याच्या मागे पर्सोनेल मॅनेजर. मुंबईचे साहेबही आले होते, ते मला आत शिरल्यावर दिसले.

त्याची वकील एक तरुण मुलगी होती, कायदा मदतीतून मिळालेली. ती उलटतपासणीला उभी राहिली.

“तुम्ही कायद्याच्या पदवीधर आहात?”

“हो.”

“नोकरीआधी वकिली केली आहे?”

“हो. चार वर्षं.”

“चौकशीच्या पहिल्या दिवशी माझ्या अशिलाने वकील मागितला होता, हे खरं आहे का?”

आमच्या वकिलांनी हरकत घेतली. नोंदीत नाही. न्यायाधीश म्हणाले, “नोंदीत नाही म्हणूनच विचारताहेत. साक्षीदाराला उत्तर देऊ द्या.” आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. टंकलेखक यंत्रावर बोटं ठेवून थांबला होता.

त्या क्षणी मी धीट झाले असं कुणी समजू नये. माझ्या मनात न्याय वगैरे काही आलं नाही. ‘आठवत नाही’ हे शब्द मी तयार ठेवले होते. पण मला फार स्पष्ट दिसलं की हे म्हटलं तर ती मुलगी दुसरा प्रश्न विचारील, मग तिसरा, आणि मी त्याला चौकशीत जसं अडखळवलं तसं ती मला अडखळवील. नोकरीपेक्षा मला त्याची जास्त भीती वाटली. शपथेवर खोटं बोलताना पकडलं जाण्याची.

“हो,” मी म्हटलं. “मागितला होता.”

“आणि?”

“नाकारला.”

यंत्राचा खडखडाट सुरू झाला. मी साहेबांकडे पाहिलं नाही.

चौकशी न्याय्य नव्हती असा निर्णय लागला. कंपनीला कोर्टात पुन्हा पुरावा देण्याची संधी होती, पण सुपरवायझर तोवर दुसरीकडे नोकरीला लागला होता आणि त्याला यात पडायचं नव्हतं. कंपनीने तडजोड केली. त्या माणसाला दुसऱ्या विभागात परत घेतलं, मधल्या काळाच्या पगारावर त्याने पाणी सोडलं.

निर्णयानंतर साहेब रत्नागिरीला आले. मी राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता. त्यांनी दार लावून घेतलं आणि खुर्चीकडे हात केला.

“तुम्ही मला आधी फोन केला होता, ते माझ्या लक्षात आहे,” ते म्हणाले. “तेव्हा मी ऐकलं नाही. साक्षीचं मी बोलत नाही. पण त्याच्याशी रस्त्यात बोललात आणि मला कळवलं नाहीत. यापुढे कामगारांची प्रकरणं तुमच्याकडे नकोत. जमिनीची बघा.”

राजीनामा पर्समध्येच राहिला. मी जमिनीच्या फायली घेतल्या आणि पुढची पाच-सहा वर्षं मोजणीवाल्यांबरोबर सड्यावर फिरले. चौकशीला त्यापुढे कंपनीने बाहेरून माणसं आणली. साहेब निवृत्त होईपर्यंत आमचं बोलणं कामापुरतं राहिलं. त्यांचा आवाज खाली गेला की माझे हात तसेच गार पडत.

तो माणूस परत आल्यावर आम्ही एकाच बसने यायचो. तो मागच्या बाकावर, मी पुढे. कित्येक महिने आम्ही एकमेकांकडे पाहिलंही नाही. एकदा कॅन्टीनच्या बाहेर, हात धुवायच्या नळापाशी, तो माझ्या शेजारी येऊन थांबला.

“मॅडम,” तो हळू म्हणाला, “तुमी खरं बोल्लात त्या दिवशी.”

मला काहीतरी चांगलं बोलता आलं असतं. त्याच्या घरचं विचारता आलं असतं. पण मी आधी मागे वळून पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना. पर्सोनेलचा एक कारकून पाण्याचा ग्लास घेऊन उभा होता. मी नळ बंद केला, “बरंय,” एवढंच म्हटलं आणि ओले हात तसेच घेऊन जिना चढून वर गेले.